कादिझमध्ये उभ्यानं खाल्लेले मासे

स्पेनमधल्या कादिझला मासे खायला जाणाऱ्या कोकणातल्या माणसाला माझं पहिलं सांगणं हे, की मोठी प्लेट मागवू नका. तिथल्या फळ्यावर एकाच पदार्थासमोर दोन-तीन भाव लिहिलेले असतात: तापा, मेदिया रासिओन आणि रासिओन. तापा म्हणजे बशीतले दोन-चार घास. मेदिया रासिओन दोघांना चाखण्याइतकी. रासिओन चौघांच्या मध्ये ठेवायची. एवढ्या लांब आलोय तर पोटभर घेऊ, असं म्हणून रासिओन मागवली की पहिल्याच दुकानात जेवण संपतं. आणि या गावात एका दुकानात जेवण संपवायचं नसतं. एकाकडे एक पदार्थ खायचा, पैसे द्यायचे, थोडं चालायचं, दुसऱ्याकडे दुसरा खायचा.

आमची मालवणात खानावळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसानं रस्ते ओस, पर्यटक नाहीत, तेव्हा या दिवसांत खानावळीला कुलूप असतं. माझा भाचा कादिझच्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकतो. त्याचं कॉलेज खाडीपलीकडे पुएर्तो रेआलला आहे, पण खोली जुन्या गावात. त्यानं बोलावलं म्हणून जूनमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ तिथे जाऊन राहिलो. दोघींचाही जन्म मासे साफ करण्यात गेलेला. त्यामुळे हे जे लिहितेय ते चुलीशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या नजरेनं लिहितेय. देवळं, राजवाडे आणि चित्रं यांची माहिती दुसरीकडे पुष्कळ मिळेल.

कादिझ स्पेनच्या दक्षिण टोकाला, अंदालुसियात, अटलांटिकच्या काठावर आहे. जवळजवळ सगळीकडून समुद्र, आणि मुख्य जमिनीला जोडणारी एक चिंचोळी पट्टी. फिनिशियन व्यापाऱ्यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव. गल्ल्या इतक्या अरुंद, की दुपारीही एका बाजूला सावली मिळते. वाऱ्याला इथे नावं आहेत, जशी आपल्याकडे मतलई आहे. पूर्वेकडून येणारा लेवान्ते गरम आणि झोंबणारा. तो सुटला की लहान होड्या बंदरातच राहतात आणि दुकानाच्या फळ्यावरचे दोन पदार्थ पुसले जातात. पश्चिमेचा पोनियेन्ते गार आणि दमट. आधी वाऱ्याचं विचारायचं आणि मग काय खायचं ते ठरवायचं, हे आम्हां दोघींना शिकवावं लागलं नाही.

आता जवळ्याकडे येते, कारण मी लिहायला बसले ती त्याच्यासाठी.

तोर्तियिता दे कामारोनेस हा कादिझच्या परिसराचा मानाचा पदार्थ. गव्हाचं पीठ, थोडं चण्याचं पीठ, गार पाणी, बारीक चिरलेला कांदा, पार्सली, मीठ; आणि त्यात सालासकट, डोक्यासकट टाकलेला नखाएवढा कामारोन, म्हणजे अगदी बारीक कोलंबी. पीठ आपल्या भज्यांच्या पिठापेक्षा पुष्कळ सैल, घावनाच्या पिठाकडे झुकणारं. ऑलिव्हचं तेल चांगलं तापलं की डावानं पीठ सोडतात आणि डावाच्याच पाठीनं लगेच पसरवतात. त्यामुळे मधे जाळी पडते, कडा कागदासारख्या पातळ होतात, आणि प्रत्येक तुकड्यात कामारोनची ती गोडसर खारट चव येते. जावेनं पहिला तुकडा मोडला आणि म्हणाली, "वयनी, हो तर आपलो जवळो!" जात थोडी वेगळी असेल, पण तिच्या जिभेनं जे ओळखलं ते बरोबर होतं.

मी तो ला विन्या या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत, सान फेलिक्स रस्त्यावरच्या एल फारोच्या काउंटरवर खाल्ला. एल फारो १९६४ पासून चालू आहे. आत पांढऱ्या टेबलक्लॉथचं महागडं रेस्टॉरंट आहे. तिकडे जायची काही गरज नाही. दारातून शिरल्यावर जो बार आहे तिथेच उभं राहायचं. तोर्तियिता एकेक मागवता येते, कढईतून सरळ येते, बोटं भाजतात. नंतर सान्लुकार दे बारामेदाला, काबिल्दो चौकातल्या कासा बाल्बिनोमध्येही खाल्ली. त्यांच्या तोर्तियितांचं नाव मोठं आहे आणि ते खरं आहे. तिथली जास्त पातळ, जास्त कुरकुरीत. मला मात्र एल फारोची आवडली, कारण त्यात कामारोनचा स्वाद पिठाच्या वर राहिला होता. कुरकुरीतपणाच्या नादात मासा हरवला तर तळून उपयोग काय?

हे कामारोन येतात कुठून, ते भाच्यानं नेऊन दाखवलं. कादिझच्या खाडीला लागून सान फेर्नांदो गाव आहे, त्याच्या भोवती मिठागरं. भरतीचं पाणी उथळ तळ्यांत घ्यायचं, एकातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हात आटवायचं. त्या पहिल्या तळ्यांत पाण्याबरोबर मासे आणि कामारोन आपोआप येतात आणि वाढतात. एके काळी या खाडीत शंभरावर मिठागरं होती, आता मोजकीच चालू आहेत. १९३० च्या सत्याग्रहातलं शिरोड्याचं मिठागर ज्यांनी पाहिलंय, त्यांना बांध, उघडझाप करायच्या फळ्या आणि तो चिखलाचा वास सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की तिथल्या मिठागरातला सगळ्यात लहान जीव गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलाच्या पहिल्या ओळीत लिहिलेला असतो.

आमच्याकडे? जवळा घरात खातात. कांदा, कोकम, ओलं खोबरं घालून केलेला जवळा आणि भाकरी हे मालवणातल्या घराघरांतलं जेवण. त्याच्या वड्या, त्याची भजी आमच्या सासूबाई करायच्या. पण कुठल्याही खानावळीचा बोर्ड वाचा, आमचासुद्धा: सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोलंबी थाळी, बांगडा थाळी. बस. पेडवे नाहीत, लेपी नाही, मुडदुशे नाहीत, मोरी क्वचित. कारण थाळी ही एकाच माशाची असते आणि तिला भाव मिळायला तो मासा मोठा, नावाजलेला, कमी काट्यांचा लागतो. पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक पूर्ण थाळीचे पैसे टाकून पेडव्यांवर जुगार खेळणार नाही. तीन घासांच्या बशीवर मात्र खेळेल. कादिझमध्ये मी रोज हेच पाहत होते. लहान ताटलीमुळे लहान मासा विकला जातो.

तळणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यात तिथली माणसं आपल्या पुढे आहेत.

फ्रेइदुरिया म्हणजे फक्त मासे तळणारं दुकान. काउंटरवर तळलेल्या माशांचे ढीग, वजनावर विक्री, जाड कागदाच्या पुडीत भरून देतात. घ्यायचं, चौकातल्या बाकावर बसायचं, हातानं खायचं. फुलबाजाराच्या चौकातली लास फ्लोरेस ही सगळ्यांना माहीत असलेली फ्रेइदुरिया. गर्दी असते, आवाज असतो, तरी मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. काचेतून आतलं काम दिसतं म्हणून. मासा धुऊन निथळलेला. मग मीठ. मग खास तळणाचं पीठ, आपल्या पोळीच्या पिठापेक्षा खरखरीत, हाताला लागेल असं. त्यात मासा घोळवतात आणि चाळणीत जोरजोरात झाडतात. एक कण जास्तीचा राहता कामा नये. मग भरपूर तापलेल्या ऑलिव्ह तेलात, एका वेळी थोडेच. हळद नाही, तिखट नाही, रवा नाही, आलं-लसूण नाही. पहिल्या घासाला माझी जीभ मसाला शोधत होती. मग कळलं, की इथे मासा काल धरलेला असता तर लगेच पकडला गेला असता. लपायला काही जागाच ठेवलेली नाही.

तवाभर सुरमईचे तुकडे रव्यात घोळवून तळणं ही आपली रीत उत्तमच आहे, मी ती सोडणार नाही. पण आपल्याकडे तव्यावर घाईनं जास्त तुकडे टाकतात, तेल थंड पडतं, रवा तेल पितो. ती चाळणी आणि ते एका वेळी थोडेच टाकणं, एवढं तरी प्रत्येक खानावळीनं घ्यावं.

काय काय घ्यायचं? आसेदिया म्हणजे तळहाताएवढा चपटा मासा, आपल्या लेपीच्याच कुळातला. अख्खी तळतात, कडेचे काटे बिस्किटासारखे चावून खाता येतात. बोकेरोन म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातला, मूठभर घ्या. चोको म्हणजे माकूलच्या जवळचा मांसल प्राणी, जाड पट्ट्या कापून तळलेला, आणि इतका नरम की दाताला काम नाही. आणि ओर्तिगिया. ही समुद्रातल्या खडकावरची फुलासारखी दिसणारी वस्तू, वनस्पती नव्हे, प्राणी. बाहेरून कुरकुरीत, आतून ओलसर, तोंडात टाकली की खडकावरची कालवं फोडून तिथल्या तिथे खाल्ल्याचा स्वाद. जावेनं एक खाऊन हात मागे घेतला. मी उरलेल्या सगळ्या खाल्ल्या.

पण फ्रेइदुरियाचा राजा कासोन एन आदोबो. कासोन म्हणजे लहान शार्क, आपली मोरीच म्हणा. चौकोनी तुकडे करून व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि लाल पाप्रिका यांत बरेच तास मुरवतात, मग पिठात घोळवून तळतात. जिऱ्यामुळे तो पहिल्याच घासाला आपला वाटतो. मोरीच्या मांसात युरिया असतो आणि मासा ठेवला की त्याचा अमोनिया होऊन उग्र वास येतो. व्हिनेगरची आंबट मुरवणी हा वास मारते. आपण मोरीला गरम पाणी ओतून कातडीची खरखर काढतो आणि मग वाटणाच्या दाट मसाल्यात, कोकमाच्या आंबटपणात शिजवतो. दोन किनाऱ्यांनी एकाच अडचणीवर आंबटाचाच उपाय काढला, हे भाच्याला मी सांगितलं तेव्हा तो वहीत लिहून घेत होता. त्यानं मला उलट दुसरी गोष्ट सांगितली, ती वाचणाऱ्यांनाही कळायला हवी: खरा कासोन हा शार्क २०२० पासून जगातल्या अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे, आणि बऱ्याच दुकानांत आता त्या नावाखाली दुसरी मोरी येते. त्यानंतर मी आदोबो घेतला तो बोकेरोनचा किंवा दुसऱ्या माशाचा. मसाला तोच, चव उतरत नाही. आपल्या मोऱ्याही पूर्वीसारख्या मिळत नाहीत, हे मालवणच्या लिलावाला उभं राहणाऱ्या कोणालाही विचारा.

तुना माशाची गोष्ट याच्या उलटी आहे आणि ती ऐकून बरं वाटलं. उन्हाळ्याच्या तोंडी मोठे ब्लूफिन तुना अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात अंडी घालायला जातात. बार्बाते, कोनिल, साआरा आणि तारिफा या गावांसमोर त्यांच्या वाटेवर जाळ्यांचा चक्रव्यूह रोवून ठेवतात. त्याला आल्माद्राबा म्हणतात. फिनिशियन काळापासूनची ही रीत. जाळं माशाच्या मागे धावत नाही, मासा जाळ्यात येतो. डोळे मोठे, लहान मासे सरळ निघून जातात. किती धरायचे त्याचा कोटा ठरलेला. या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार मासेमारीनं हा मासा संपायला आला होता. मग आंतरराष्ट्रीय पातळीवर कडक कोटे लावले, ते पाळले, आणि २०२१ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. आपल्याकडे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या बोटींशी किती वर्षं झगडा चालू आहे! कादिझच्या बाजारात दोनशे किलोचा तुना कापताना बघून मला तेच सारखं आठवत राहिलं. नियम पाळले तर मासा परत येतो, याचा पुरावा तिथे फरशीवर ठेवलेला होता.

तो बाजार म्हणजे मेर्कादो सेंत्राल, १८३८ चा. सकाळी नऊ-दहाला जा. मधल्या चौकोनात सगळी मासळी. तुनाचे पोटाचे, मानेचे, पाठीचे असे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या भावाला. पोटाचा चरबीदार वेंत्रेस्का सगळ्यात महाग. कोळणी गिऱ्हाइकाला हाक मारतात ती आमच्या बाजारातल्यासारखीच, मध्येच 'माझ्या राजा' अशा चालीची. आणि सोमवारी जाऊ नका: रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी मासळीचे बरेच गाळे बंद असतात. सोमवार पाळणाऱ्या माझ्या जावेची त्यामुळे अजिबात अडचण झाली नाही.

तुना खायचा तो दोन प्रकारांत. एक एन्सेबोयादो, म्हणजे भरपूर कांदा मंद आचेवर मऊ करून त्यात शिजवलेला. रस्सा पावाला पुसून खायचा. दुसरा मोहामा: पाठीचं मांस मिठात दाबून, धुऊन, वाऱ्यावर वाळवलेलं, गडद लाल. कागदाएवढे पातळ काप, वर ऑलिव्ह तेल, बाजूला भाजलेले बदाम. ज्यांनी पावसाळ्यात सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खाल्लाय त्यांना मोहामाची ओळख करून द्यावी लागणार नाही. मी तो कासा मान्तेकात खाल्ला. १९५३ पासूनची टॅव्हर्न, भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही, सगळे बैलझुंजीवाल्यांचे फोटो. तिथे ताटलीच नाही. काउंटरवर जाड कागद पसरतात आणि त्यावर काप ठेवतात. त्यांचं खरं नाव चिचारोनेससाठी आहे, म्हणजे डुकराच्या मांसाचे थंड काप, वर मीठ आणि लिंबू. मी डुक्कर खात नाही; भाच्यानं दोनदा मागवले. ग्रासालेमाच्या डोंगरातल्या पायोया शेळ्यांच्या दुधाचं चीज मात्र मी मन लावून खाल्लं.

बांगड्याचा भाऊबंद काबाया उन्हाळ्यात चांगला. भाजलेला काबाया आणि बाजूला पिरिन्याका, म्हणजे टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची बारीक चिरून तेल-व्हिनेगर घातलेली कोशिंबीर. साधं, स्वस्त, पोटाला हलकं. सलग तळलेलं खाऊन तोंड विटलं की हेच मागवा.

पापास आलिन्यास हा पदार्थ वाचून कोणाला मागवावासा वाटणार नाही: उकडलेला बटाटा, कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि शेरीचं व्हिनेगर. पण सान्लुकारच्या वाळूच्या जमिनीतला बटाटा वेगळाच असतो, घट्ट आणि गोड, आणि गरम असतानाच व्हिनेगर पाजलेलं असतं. कोलंबस त्याच्या दुसऱ्या सफरीला १४९३ मध्ये याच कादिझहून निघाला होता, आणि १७१७ पासून स्पेनच्या अमेरिकेशी चालणाऱ्या सगळ्या व्यापाराची कचेरी इथे होती. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी पिकं स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांतून जुन्या जगात आली, आणि पोर्तुगीजांमार्फत मिरची आमच्या किनाऱ्याला लागली. मालवणी मसाल्याची लाल पूड ज्या वाटेवरून आली तिच्या तोंडाशी बसून मी तो बटाटा खात होते, याचं मला फार वाटलं.

आता रीतीभाती. दुपारचं जेवण दोन ते चार, त्याआधी एकच्या सुमाराला तापा. चार वाजता स्वयंपाकघर बंद ते रात्री साडेआठ-नऊला उघडतं. जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो, त्यामुळे रात्रीचं जेवण उन्हातच सुरू होतं. लहान मुलं अकरा वाजता चौकात खेळत असतात. सहा वाजता भूक लागली तर फार हाल होतात, पिशवीत काहीतरी ठेवा.

बसायचं कुठे, हा प्रश्न जावेला पहिल्या दिवशी पडला. "आते, हय उभ्यानंच खातत," भाच्यानं दोघींना सांगितलं आणि कोपरानं गर्दीत जागा करून दिली. काउंटरला रांग नसते. माणूस तुमच्याकडे बघेल तेव्हा एका दमात सांगायचं. त्याच्या डोक्यात दहा जणांचा हिशोब असतो आणि पैसे शेवटी. काही जुन्या टॅव्हर्नमध्ये अजून लाकडी काउंटरवर खडूनं आकडे लिहितात; सेव्हियाच्या १६७० सालच्या एल रिंकोन्सिओमध्ये तर आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. एका ताटलीत सगळे आपापले काटे घालतात. आपल्याकडे उष्ट्या-खरकट्याचा विचार मुरलेला, तेव्हा ज्यांना नको त्यांनी वेगळी बशी मागावी, लगेच देतात, कोणी वाईट मानत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून काटा घालू लागले. एका दुकानात एकानं पैसे द्यायचे, पुढच्यात दुसऱ्यानं. प्रत्येक जण आपापला हिस्सा मोजत बसलेला मला तिथे दिसला नाही.

तापा फुकट मिळतो ही गोष्ट ग्रानादा, आल्मेरिया, हाएन या गावांची. तिथे पेयाबरोबर बशी येतेच. कादिझमध्ये मागवायची आणि पैसे द्यायचे. साधारण अडीच ते चार युरो, तुनाला जास्त. मला हीच रीत बरी वाटली. फुकट बशीत काय येईल ते मालक ठरवतो, इथे तुम्ही ठरवता.

तक्रारीही आहेत. कॅथेड्रलजवळ एका ठिकाणी आम्ही थकून बाहेरच्या टेबलावर बसलो. न मागता पाव, ऑलिव्ह आणि पिकोस नावाच्या कुरकुरीत काड्या आल्या, त्यांचे पैसे माणशी लावले. बाहेर बसल्याचे वेगळे. आणि आसेदिया गोठवलेली होती. मासेवालीला गोठवलेला मासा कळतो. न मागवलेली वस्तू परत करा, आणि चित्रांचा मेन्यू दारात लावलेला असेल तर पुढे चला. दुसरी तक्रार: भाजी मिळत नाही. पालक-छोले जिरं घालून केलेले काही ठिकाणी मिळतात, छान असतात. वांग्याचे तळलेले काप आणि वर काकवी, हा मालागा-ग्रानादाकडचा पदार्थ, दिसला तर सोडू नका. पण शाकाहारी माणसानं सावध असावं: टोमॅटोच्या घट्ट गार साल्मोरेहोवर हॅमचे कण भुरभुरलेले असतात, बटाट्यात तुना निघतो. 'मांस नको' म्हणून चालत नाही, कारण हॅम त्यांच्या हिशोबी मांसात धरलेलं नसतं. 'सिन हामोन' असं वेगळं सांगा. तिसरी तक्रार भाताची. तळलेल्या आसेदियाशेजारी गरम भात आणि सोलकढी असती तर!

सोलकढीचं काम तिथे मान्सानिया करते. सान्लुकारच्या समुद्रकाठी मुरवलेली ही फिकट, कोरडी, थंडगार शेरी, साधारण १५ टक्के अल्कोहोलची, जराशी खारट. तळणाचं तेल ती जिभेवरून धुऊन नेते. मी चाखण्यापुरती घेतली. जोड चांगली जमलेली आहे एवढं नक्की सांगते.

नारळी पौर्णिमेनंतर आमची खानावळ उघडली तेव्हा थाळ्यांच्या बोर्डखाली मी एक लहान फळा टांगला. वर काही नाव लिहिलं नाही, नुसते पदार्थ: जवळ्याची भजी, तळलेली लेपी, तिरफळ घातलेले पेडवे, तिसऱ्यांचं सुकं. बशीभर, ऐंशी ते सव्वाशे रुपये. आदल्या दिवशी उरलेला मासा त्यावर यायचा नाही, हा नियम. जावेचं म्हणणं, पेडवे साफ करण्यात एका बाईचा अख्खा सकाळचा वेळ जातो आणि बशीला मिळतात शंभर रुपये. तिचा हिशोब खरा आहे. म्हणून पेडवे फक्त शनिवार-रविवारी ठेवलेत आणि दोन कोळणींना साफ करून द्यायचे वेगळे पैसे ठरवलेत. त्या आधी पेडवे खताला जाताना बघायच्या, आता बाजूला काढून ठेवतात.

कोल्हापूरचं एक कुटुंब परवा सुरमई थाळ्या सांगून बसलं होतं. थाळी येईपर्यंत म्हणून त्यांनी जवळ्याची भजी मागवली, मग लेपी, मग पुन्हा लेपी. शेवटी चार थाळ्यांतल्या दोन रद्द केल्या आणि तिसऱ्यांचं सुकं मागवलं. मुलगी लेपीचे काटे चावून खात होती. पाऊस पूर्ण उघडला की फळ्यावर मुडदुशेही येतील. मोरी मी त्यावर लिहिणार नाही.